एकच वळू, अकरा छाप

(डोंबिवलीतील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या सचित्र व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या हाताखालून या परिसरातल्या किती मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल याची मोजदाद नाही. या सभागृहातही त्यातले बरेच जण बसलेले दिसतात. त्या परीक्षांची एक रचना तुमच्या लक्षात असेल. एक पेपर वस्तुचित्राचा. समोर तांब्या, दोन कांदे, मागे घड्या पडलेलं फडकं. जसं दिसतं तसं काढा, सावली चुकली तर गुण गेले. दुसरा पेपर संकल्पचित्राचा. तिथे वर्तुळ, त्रिकोण, पाकळ्या; रंगसंगती जमली पाहिजे, पण हे नेमकं कशाचं चित्र आहे असं कुणी विचारत नाही.

परीक्षेच्या सोयीसाठी ही वाटणी ठीक आहे. पण ती डोक्यात कायमची बसते. पुढे आपण जहांगीर आर्ट गॅलरीत जातो तेव्हाही मनात दोनच खाने असतात. एका भिंतीवरचं चित्र ‘कळतं’, कारण त्यात माणूस, झाड, देऊळ आहे. दुसऱ्या भिंतीवरचं कळत नाही, म्हणून आपण त्याच्यासमोरून जरा घाईने पुढे सरकतो. आज मी अशा एका चित्राबद्दल बोलणार आहे, ज्याला या दोन्ही पेपरांपैकी कुठल्याच पेपरात बसवता येणार नाही. ते १९४५-४६ मध्ये पॅरिसमध्ये झालेलं शिळाछाप चित्र आहे. चित्रकार पाब्लो पिकासो, विषय वळू.

चित्राकडे जाण्याआधी थोडं दगडाकडे वळू या, कारण दगड समजला नाही तर हे चित्र अर्धंच समजतं.

शिळाछपाईची युक्ती जर्मनीत आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस शोधून काढली. तत्त्व साधं आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा. त्यावर स्निग्ध खडूने किंवा स्निग्ध शाईने चित्र काढायचं. मग डिंक आणि थोडं नायट्रिक आम्ल यांचं पाणी फिरवायचं, म्हणजे चित्राची जागा तेल धरून ठेवते आणि मोकळी जागा पाणी धरून ठेवते. छापताना दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेवर शाई बसत नाही, चित्रावर बसते. कागद ठेवून दाब दिला की छाप उमटतो, अर्थात आरशात दिसावा तसा उलटा. लाकडावर किंवा तांब्यावर कोरण्यासारखं इथे काही उंच नाही, खोल नाही. सगळं एकाच पातळीवर. आज सकाळी लोकलमध्ये तुम्ही वाचलेलं वर्तमानपत्र ज्या ऑफसेटवर छापलं गेलं, तीही या दगडाचीच नात. दगड गेला, धातूची पातळ पाटी आली. तेल-पाण्याचं वैर तेच राहिलं.

हा दगड महाराष्ट्राला परका नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर १८३१ साली पंचांग छापलं आणि मराठी छपाईच्या व्यवसायाची पायवाट घातली. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्यांची आठवण ठेवली आहे. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. एकेका रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक नेमके छाप. गालावरची गुलाबी छटा येण्यासाठी किती दगड उचलावे लागत असतील याची कल्पना करा. सिनेमाच्या पोस्टरांनाही दगडाने बरीच वर्षं साथ दिली. आपल्या कल्याणचं नाव असलेला बाबूराव पेंटरांचा ‘कल्याण खजिना’ हा मूकपट १९२४ चा. त्याचं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक मानलं जातं.

म्हणजे आपल्याकडे दगडाला काम मिळालं ते मुख्यतः अक्षराचं आणि आकृतीचं. देव दिसला पाहिजे, नायक दिसला पाहिजे, तिथी वाचता आली पाहिजे. दगडावर चित्र घासत-घासत, मोडत-मोडत काय होतं हे बघण्याची चैन छापखान्याला परवडणारी नव्हती. पिकासोला ती मिळाली.

नोव्हेंबर १९४५. युद्ध नुकतंच संपलं होतं, पॅरिसमध्ये इंधनाची टंचाई होती. चौसष्ट वर्षांचा पिकासो फेर्नां मुर्लो यांच्या छापखान्यात जाऊ लागला. त्याच्या स्वतःच्या जागेपेक्षा तिथे ऊब होती, हे एक कारण सांगतात. त्याआधीही त्याने काही शिळाछाप केले होते, पण आता तो ठाण मांडून बसला. ५ डिसेंबर १९४५ ला त्याने वळूचा पहिला छाप काढला. १७ जानेवारी १९४६ ला अकरावा, शेवटचा. प्रत्येक टप्प्यावर मोजके छाप काढून ठेवायचे आणि मग तेच चित्र पुढे खोडायचं, खरवडायचं, बदलायचं. शेवटच्या अवस्थेच्या पन्नास प्रती निघाल्या.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तैलचित्रात चित्रकार जे पुसतो ते रंगाखाली गाडलं जातं. क्ष-किरणांनी शोधावं लागतं. शिळाछपाईत दगडावर फक्त शेवटचं उरतं, पण कागदांवर मधलं प्रत्येक पाऊल जिवंत राहतं. म्हणून या चित्राला एक चित्र म्हणायचं की अकरा, हा प्रश्न पडतो. माझं उत्तर असं: हे एकच चित्र आहे आणि त्याची लांबी सहा आठवड्यांची आहे.

आता पडद्याकडे पाहा. पहिला छाप. शाईत पाणी मिसळून कुंचल्याने केलेलं काम. बऱ्यापैकी सौम्य, ओळखीचा प्राणी. एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याच्या हातून व्हावा असा. वस्तुचित्राच्या पेपरात याला उत्तम गुण मिळतील.

दुसरा छाप. सर्वसाधारण समज असा की इथून पिकासो कमी करत गेला. प्रत्यक्षात तो आधी भर घालतो. अंग काळं होतं, जाड होतं, खांदे फुगतात, कातडी खडबडीत होते. गेंड्याची आठवण यावी इतकं वजन. पहिल्या छापातलं जनावर गोठ्यात बांधता आलं असतं. याच्या जवळ जाताना आपण दहा पावलं लांबूनच विचार करू.

तिसऱ्यापासून तो त्या अंगावर रेघा मारायला लागतो. स्नायू कुठे सुटतो, बरगडी कुठे संपते, मांडीचा गोळा कुठे वळतो, याचे तुकडे पाडतो. खाटकाच्या दुकानात जनावराच्या अंगाचे भाग दाखवणारा तक्ता असतो, तसं काहीसं. पुढच्या छापांत या रेघा सांध्यांवरून आडव्या-उभ्या धावतात, काही भाग पांढरे पडतात, काही काळे राहतात. डोकं लहान व्हायला लागतं. शिंगांचा आकार बदलतो. सातव्या-आठव्या छापापर्यंत कातडी, केस, चमक असं काही उरत नाही. वजनाची वाटणी मात्र राहते. पुढे सावलीही जाते.

आणि अकरावा. मोजक्या रेषा. पाठीची एक लांब रेघ, तिच्यापासून खाली येणारे पाय, एवढंसं डोकं, वर शिंगांचा छोटा आकडा, मागे शेपटी. आणि त्याचं नरपण, तेही राहिलंय. अकरा वेळा चाळणी लावूनही ते पडलं नाही.

छापखान्यातल्या कारागिरांना याचं हसू आलं, अशी आठवण सांगितली जाते: माणसं जिथून सुरुवात करतात तिथे हा शेवटी पोहोचला. टोमणा झकास आहे आणि अन्यायकारकही नाही. आपल्याकडेही अशा चित्रासमोर ‘हे तर माझा नातू काढेल’ असं म्हणणारे आजोबा भेटतात. त्यांना मी नाही म्हणणार नाही. नातू अशा रेघा काढेलही. प्रश्न इतकाच की नातवाच्या पाठीच्या रेघेत त्या दुसऱ्या छापातल्या जनावराचं वजन येईल का? पिकासोच्या रेघेत ते आलंय. ती रेघ कुठे जरा दबते, कुठे सुटते, पुढच्या पायावर भार कसा घेते ते बघा. ज्याने आधी सगळं अंग भरून, तोडून, मोजून पाहिलंय, त्यालाच यातलं काय सोडता येईल हे कळतं.

अलीकडे या चित्राला एक नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. ॲपल कंपनी आपल्या लोकांच्या अंतर्गत प्रशिक्षणात हे अकरा छाप दाखवते, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये लिहिलं होतं. धडा असा की अनावश्यक ते काढून टाका, उत्पादन सुटसुटीत करा. आयटीत काम करणारी बरीच मंडळी इथे आहेत, त्यांना हा धडा पटेल. पण तो अर्धाच आहे. केवळ कमी करायचं असतं तर दुसऱ्या छापाची गरज नव्हती. पहिल्यावरून थेट अकराव्यावर येता आलं असतं. शिवाय तीन वर्षांनी, जानेवारी १९४९ मध्ये, याच माणसाने याच छापखान्यात कबुतराचा शिळाछाप केला. मऊ पिसं, पायावरची लव, छातीचा उंचवटा, सगळं जिथल्या तिथे. त्या वर्षीच्या पॅरिसमधल्या शांतता परिषदेच्या पोस्टरावर ते गेलं आणि जगभर पोहोचलं. अमूर्ताकडे जाणं ही जर प्रगती असेल तर कबुतर म्हणजे माघार मानावी लागेल. तसं कुणी मानत नाही. पिकासोला वळूकडून रेषा हवी होती, कबुतराकडून लव. विषय बदलला, तसं मागणंही बदललं.

म्हणून मूर्त आणि अमूर्त हे दोन पक्ष आहेत असं मला वाटत नाही. ते एकाच रस्त्यावरचे टप्पे आहेत आणि चित्रकार त्या रस्त्यावर दोन्ही दिशांनी ये-जा करतो.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ.

याच दशकात मुंबईत काय चाललं होतं? १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९४९ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. त्यातले हरी अंबादास गाडे अमरावतीकडचे, आणि सदानंद बाकरे आयुष्याच्या उत्तरार्धात दापोलीजवळच्या मुरूडला येऊन राहिले. नंतर या मंडळींच्या वर्तुळात वासुदेव गायतोंडे आले. जन्म नागपूरचा, १९२४, घर मूळ गोव्याचं, राहणं गिरगावातलं. १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतली. त्यांची पन्नाशीच्या दशकातली सुरुवातीची चित्रं पाहिली तर त्यांत बायका आहेत, पक्षी आहेत, पाउल क्लेच्या रेषेची ओढ दिसते. दशक संपता-संपता आकृत्या विरघळतात. पुढे रूळ आणि सुरी घेऊन ते रंग लावत, उचलत, पुन्हा लावत. छापखान्यातला रूळ कॅनव्हासवर आला, असं म्हणायला हरकत नाही.

पण गायतोंडेंचा मुक्काम वळूच्या अकराव्या छापाहून वेगळा आहे, आणि तो फरक समजून घेतला पाहिजे. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना फारसं रुचत नसे. ही चित्रं कुठल्या वस्तूपासून निघालेली नाहीत, असा त्यांचा आग्रह असे. पिकासोचा वळू कितीही बारीक झाला तरी वळूच राहतो. रेषेच्या टोकाला जनावर बांधलेलं आहे. गायतोंडेंकडे टोकाला काही बांधलेलं नाही. त्यामुळे खरी सरहद्द तांब्या-कांदा आणि वर्तुळ-त्रिकोण यांच्यात नाही. ती ‘एखाद्या गोष्टीतून निघालेलं’ आणि ‘कशातूनही न निघालेलं’ यांच्यात आहे. अकरावा छाप या सरहद्दीच्या अलीकडे थांबतो, अगदी काठावर. म्हणूनच तो इतका बोलका आहे.

दुसरा दाखला आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, पण डहाणू-जव्हारची वारली चित्रं आपण अजून आपलीच मानतो. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, हातात काडी. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोक्याला एक ठिपका, हातापायांना चार रेघा. लग्नात सवाशिणींनी लिहायचा चौक, त्यात पालघट देवी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली माणूस आणि पिकासोचा शेवटचा वळू शेजारी ठेवले की पाहुणे म्हणतात, ‘बघा, दोघे एकाच जागी पोहोचले.’ मला हे वाक्य खटकतं. वारली चित्रकर्ती कुठूनही ‘पोहोचलेली’ नाही. तिने आधी स्नायू रंगवून मग ते खोडले नाहीत. त्रिकोण ही तिची पहिली भाषा आहे. तिच्या आजीने तोच लिहिला. तेव्हा वास्तवापासून निघायचं आणि साधेपणाला येऊन थांबायचं, हा युरोपातल्या एका चित्रकाराचा रस्ता आहे, सगळ्या माणसांचा नव्हे. आपण तो रस्ता जरूर पाहावा, पण सगळ्या रेषा त्यावर उभ्या करू नयेत.

तिसरा दाखला उलट्या टोकाचा. कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे, आपले भाऊ साठे. गेट वे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचा. २६ जानेवारी १९६१ ला तो उभा राहिला. डोंबिवलीत त्यांचं शिल्पालय आहे. तुमच्यापैकी अनेक जण मुलांना घेऊन तिथे गेले असतील. भाऊंचं काम सर्वार्थाने मूर्त: चेहरा ओळखू आला पाहिजे, लगामाचा चामडी पट्टा चामड्यासारखा दिसला पाहिजे. पण गेट वेला कधी संध्याकाळी जा. प्रकाश मागून असतो, तपशील सगळे बुडालेले असतात, तरी घोडा आणि स्वार आभाळावर ठाम दिसतात. त्या काळ्या बाह्यरेषेने भार तोलला नसता तर वरच्या तपशिलांनी काही साधलं नसतं. वास्तवदर्शी शिल्पाच्या पोटातही एक अकरावा छाप असतो. फक्त तो वेगळा काढून दाखवलेला नसतो.

आता माझा शेवटचा मुद्दा, आणि तो मी मुरबाडच्या वाटेने मांडणार आहे. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावात जत्रा भरते. देवदर्शन, घोंगड्या आणि गुरांचा बाजार. बैल घेणारा शेतकरी आधी लांबून बघतो: उभा कसा राहतो, चालताना पाय कसा टाकतो. मग जवळ येतो, खूर बघतो, वशिंडावर हात ठेवतो, तोंड उघडून दात मोजतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला. तो सगळं बघत नाही. नांगराला आणि गाडीला जे लागतं तेवढंच बघतो, बाकीचं सोडून देतो. त्याच्या डोळ्यांनी त्या बैलाचे छाप निघालेच आहेत, कागद फक्त नाही.

आणि इथे अकराव्या छापाकडे पुन्हा पाहिलं की आपल्या डोळ्यांना एक गोष्ट टोचते. वशिंड नाही. कसं असेल? स्पेनच्या गुरांना वशिंड नसतंच. पिकासोने ते खोडलेलं नाही. त्याच्या पहिल्या छापातही ते नव्हतं. पण आपल्या डांगी किंवा खिल्लार बैलाचे कुणी असेच अकरा छाप काढले, तर कान जातील, शेपटीचा झुबका जाईल, कदाचित एक पायही जाईल. वशिंड जाणार नाही. पाठीच्या रेघेला तो उंचवटा देऊनच ती रेघ पुढे जाईल. माणूस कितीही गाळत गेला तरी शेवटी जे उरतं त्यात त्याचा मुलूख उरतो. अमूर्ताकडे झुकलेलं चित्र हे सगळ्या जगाचं असतं, त्याला गाव नसतं, असं जे म्हटलं जातं ते म्हणून मला मान्य नाही. पिकासोच्या मोजक्या रेषांत बैलझुंजीच्या रिंगणातलं जनावर आहे, मोटेवरचं नाही.

यातून आपल्या शहरांतल्या चित्रकला शिक्षकांना मी एक सूचना करतो. वस्तुचित्र आणि संकल्पचित्र यांच्या मधला एक तास घ्या. मुलांना समोरच्या एकाच गोष्टीचे पाच कागद करायला सांगा. आपल्याकडे बैल सहज भेटायचा नाही. लोकल घ्या, ती रोज भेटते. पहिला कागद जसं दिसतं तसा. दुसऱ्यात जड करा, भर घाला; ही पायरी चुकवू देऊ नका. तिसऱ्यात तोडा. चौथ्यात काढून टाका. पाचव्यात जेमतेम काही रेघा. कुणाच्या पाचव्या कागदावर दाराचा दांडा उरेल, कुणाच्या फलाटाची कड, कुणाच्या डब्यातल्या हँडलांची रांग. कसाऱ्याकडून येणारं मूल आणि ठाण्यात चढणारं मूल यांच्या पाचव्या कागदांत फरक पडेल असा माझा अंदाज आहे, कारण एकाला जागा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. आणि गुण देताना शेवटचा कागद एकटा हातात घेऊ नका. पाचही कागद ओळीने मांडा, मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक टप्प्यावर काय सोडलं, का सोडलं, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. त्याला ते सांगता आलं, तर जहांगीरच्या दुसऱ्या भिंतीसमोरून तो घाईने पुढे सरकणार नाही.